दम्याचं मशीन

धम्मपाल खरातला मी टोळीत घेणार नव्हतो. तेव्हा मी जालन्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालांच्या टोळीचा मुकादम होतो. हा घनसावंगीकडचा, माझ्याच गावचा, अंगाने सडपातळ. त्याची आई नात्याने माझी कोणी नव्हती, पण गावाच्या नात्याने मला भाऊ म्हणायची, म्हणून हा मला मामा म्हणायचा. त्याला माझ्याकडे पाठवताना तिने काही लपवलं नाही. म्हणाली, "दादा, लहानपणी ह्याला लई दमा होता. आता बरेच वर्षं झाले, न्हाई होत. पण तुमी नजर ठिवा."

ज्याला दमा होऊन गेला त्याला फळीवर घालणं जोखमीचं. गोदामात पोत्यांची थप्पी उंच होत जाते तशी तिला जाड लाकडी फळी टेकवतात. पाठीवर पोतं घेऊन त्या फळीवरून वर चढायचं. ताकद बहुतेकांकडे असते. नवा माणूस चुकतो तो श्वासात. पोतं पाठीवर आलं की तो श्वास कोंडून धरतो, आणि अर्ध्या फळीवर त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागतात. चढताना श्वास हळूहळू सोडत जायचा, पोतं थप्पीवर पडलं की मग भरून घ्यायचा. हे अंगात यायला लोकांना एक हंगाम लागतो. शेवटी धम्मपालला घेतला, तर त्याला हे शिकवावंच लागलं नाही. लहानपणी श्वास कमी पडला म्हणून तो जपून वापरायची सवय त्याला आधीच होती, असं मला वाटतं.

पहिल्या दिवशी भागवतने त्याला वरून खालपर्यंत पाहिलं. भागवत टोळीतला जुना माणूस, विडीबाज, तोंडाळ.

"मुकादम, हे काडीपैलवान कुठून धरून आनलं? वारं सुटलं तर पोत्यासंगट उडून जाईल."

"मंग तुमी धरून ठिवा भाऊ मला," धम्मपाल म्हणाला आणि पोतं घेऊन फळी चढून गेला. खाली आल्यावर त्याला धाप नव्हती.  भागवतने आपल्या बंडलातली एक विडी त्याच्यापुढे धरली. टोळीत घेतलं, असा त्याचा अर्थ.

त्याने लग्न केलं ते वडीगोद्रीच्या साधनाशी. ती दहावी शिकलेली. लग्नानंतर बियाण्याच्या कंपनीत बी निवडायच्या कामाला जायला लागली. दिवसभर मान खाली घालून खराब दाणा बाजूला काढायचा. संध्याकाळी तिची मान आखडायची. धम्मपाल मोंढ्यातून आला की आधी तिच्या मानेला तेल चोळायचा, मग स्वतः अंघोळीला जायचा. गल्लीतल्या बायका हसायच्या. त्याने कधी मनावर घेतलं नाही. मी बाजूच्याच गल्लीत राहतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्याचे वडील गेले त्या वर्षी तो श्रामणेर शिबिराला बसला. आमच्या बौद्ध समाजात बरेच जण आयुष्यात एकदा तरी बसतात. डोकं भादरायचं, चीवर अंगावर घ्यायचं, दहा दिवस एक वेळ जेवायचं आणि शील पाळायचं. पाचवं शील नशेचं. भंतेजींनी सांगितलं, तंबाखू आणि विडी त्यातच आली. धम्मपालने तिथेच विडी सोडली. घरी परत आला तेव्हा साधनाने खीर केली आणि गल्लीतल्या प्रत्येक घरी वाटी दिली. ज्याच्या त्याच्या हातात वाटी देताना सांगितलं, "ह्यांनी विडी सोडली." आनंदाने तिचं तोंड उजळून गेलं होतं.

खरी कष्टाची गोष्ट त्यानंतर सुरू झाली. पंधरा वर्षांची विडी शिबिराच्या दहा दिवसांत सुटत नाही. हात खिशाकडे जायचा. झोप लागेना. जेवण झालं की जीव कासावीस व्हायचा. पण ज्या गल्लीने खीर खाल्ली त्या गल्लीत विडी कशी पेटवणार?

तेव्हा साधनाचा भाऊ चाकणहून आला होता. कंपनीत कामाला आहे. त्याच्याकडे एक यंत्र होतं. बोटाएवढं, चपटं, एका टोकाला ओढायला तोंड. त्याला पेटवायचं नसतं, मोबाईलसारखं चार्जिंग करायचं. तो दाजीला म्हणाला, "ह्याच्यात धूर न्हाई, राख न्हाई. नुस्ती वाफ." आणि जाताना ते देऊन गेला.

धम्मपालने मनाशी हिशोब मांडला. काडी नाही, तंबाखूचं पान नाही, धूर नाही, म्हणजे शील मोडलं नाही. हे त्याने मला नंतर स्वतः सांगितलं. ते पुदिन्याच्या वासाचं होतं. ओढलं की छातीत गार वाटायचं, सगळं मोकळं झाल्यासारखं. विडीची तलफही भागायची, कारण जे विडीत असतं ते त्यात होतंच, फक्त वास वेगळा.

साधनाने एकदा ते त्याच्या हातात पाहिलं. "हे काय वो?"

तो म्हणाला, "दम्याचं मशीन हाये. नवं निघालंय."

तिला शंका यायचं कारण नव्हतं. त्याला लहानपणी दमा होता हे सासूने लग्नाच्या आधीच सांगितलेलं. आदल्या हिवाळ्यात सर्दी छातीत उतरली तेव्हा दवाखान्यातून त्याला एक पंप मिळाला होता. तोही तोंडाला लावून ओढायचा. हे त्याच्याच पुढचं काहीतरी, असं तिने धरलं. पंपाचं औषध संपलं तसा तो तिने भिंतीवरच्या फळीवर ठेवून दिला आणि ह्या नव्या मशीनचं सगळं आपल्याकडे घेतलं. रोज संध्याकाळी ती ते चार्जिंगला लावायची. त्याचं तोंड धुतलेल्या फडक्याने पुसायची. धूळ बसू नये म्हणून त्यावर स्टीलची वाटी पालथी घालायची. मला एकदा म्हणाली, "मामा, ह्यांना आठवनच राहत न्हाई, मीच खिशात घालून देते."

मी मान हलवली. मलाही ते औषधच वाटलं. भरलेलं नवं मशीन तो मेडिकलमधून आणतो, असं तिला वाटायचं. देशात त्याच्या विक्रीला बंदी आहे. तो ते एका पानटपरीच्या मागच्या बाजूने आणायचा.

वर्षाच्या आत त्याच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. आधी पहाटे, मग काम करतानाही. फळीच्या पायथ्याशी तो थांबायला लागला. मी तोवर काम सोडलं होतं, भागवत मुकादम झाला होता, पण सकाळी मोंढ्यात जाऊन बसायची सवय माझी सुटली नव्हती. सोयाबीनचा हंगाम होता. पोतं आपटलं की भुस्कट उडतं, उन्हात ते तरंगताना दिसतं. सगळ्यांनी दोष त्या धुळीला दिला. मीही दिला.

टोळीची एक रीत आहे. कोणाचं अंग मोडलं तर त्याची जागा जात नाही. त्याला हलकं काम देतात, त्याची पोती बाकीचे वाटून वाहतात. धम्मपालला दाराशी मोकळ्या हवेत बसवलं. सुई-सुतळी घेऊन उसवलेल्या पोत्यांची तोंडं शिवायची. आणि भागवतने हुकूम काढला की गोदामाच्या आसपास कोणी विडी ओढायची नाही, ज्याला ओढायची त्याने मोंढ्याच्या फाटकाबाहेर जायचं.

फाटक लांब. भागवतचा एक गुडघा गेलेला. दर विडीला तो लंगडत फाटकापर्यंत जायचा आणि लंगडत यायचा.

"धम्मा, तुझ्या छातीपायी मह्या गुडघ्याचं वाटोळं होऊन राह्यलं."

"मंग सोडून द्या की विडी, भाऊ."

"सोडली असती रे. पन तुझ्यासारखा डोक्याचा गोटा करावा लागतो म्हने. मह्या डोक्यावर आधीच चार केस."

सगळे हसले. धम्मपालही हसला, पण त्याची सुई थांबली होती. थोड्या वेळाने तो गोदामाच्या मागे गेला. सगळ्यांना वाटलं लघवीला गेला.

पुढच्या काही आठवड्यांत भागवतच्या फाटकाच्या फेऱ्या कमी होत गेल्या. मग बंद झाल्या. विचारलं तर म्हणाला, "गुडघा दुखतो." त्याने खीर वाटली नाही.

धूळ बंद झाली, विड्यांचा धूर बंद झाला, तरी धम्मपालची छाती सुधारेना. उलट तो चालताना, बोलतानाही मध्येच थांबायला लागला. साधना म्हणायची, मशीन आहे म्हणून तरी निभतंय.

थंडीतल्या एका रविवारी सकाळी ती माझ्या दारात आली. पायात चप्पल नव्हती.

"मामा, जल्दी चला. ह्यांना बघा."

तो पलंगाच्या काठावर बसला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले, गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. शिट्टी दारापर्यंत ऐकू येत होती. साधना त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. तिने ते मशीन त्याच्या ओठांना लावलं.

"ओढा. ओढा ना जरा."

तो तोंड फिरवत होता. तिला वाटलं, त्याच्यात त्राण नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. काहीतरी सांगायचं होतं, पण एक शब्द बाहेर येईल एवढा वारा त्याच्याकडे नव्हता. तिने डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली, लहान लेकराला औषध पाजतात तशी, आणि मशीन तोंडात दिलं. श्वास तर घ्यावाच लागतो. त्याने घेतला. खोकल्याची उबळ आली, आणि थोड्या वेळात शिट्टी बंद झाली.

"पडला आराम," साधना म्हणाली.

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. खांदे हलत होते, पण हाताखालची बरगडी हलत नव्हती. शिट्टी वाजायला सुद्धा हवा लागते. त्याचे ओठ जांभळ्या रंगाचे झाले होते.

आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही. मी वाकलो आणि साधनाला म्हणालो, "चढव ह्याला मह्या पाठीवर." तिने चढवला. पोतं पाठीला चिकटून बसतं, त्याचा भार सारखा असतो. बेशुद्धीकडे चाललेला माणूस एका बाजूला ओघळतो. साधना मागून त्याला धरून धावत होती. रस्त्यापर्यंत मी कुठे टेकलो नाही. टेकलो असतो तर मला पुन्हा उठता आलं नसतं. त्याचं वजन फार कमी झालेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

सरकारी दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. नाकातोंडावर मास्क, त्यातून औषधाची वाफ, हातात सुया. बराच वेळ कोणी काही सांगेना. मग एक डॉक्टरबाई बाहेर आल्या. तरुण होत्या. म्हणाल्या, "अजून धोका गेलेला नाही. मला खरं सांगा, बिडी-सिगारेट ओढतात का?"

"न्हाई मॅडम," साधना म्हणाली. "शील घेतलंय त्यांनी. बिलकुल न्हाई. फक्त दम्याचं मशीन घेतात." तिने पदराच्या गाठीतून ते काढलं. एवढ्या धावपळीत तिने ते बरोबर आणलं होतं. "सकाळी दिलं मी, पन गुन आला न्हाई. चार्जिंग उतरली असंल. इथं लावू का कुठं?"

डॉक्टरबाईंनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, तोंडाशी वास घेतला.  साधनाला बाकावर बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसल्या.

"ताई, हे औषध नाही. ही सिगारेटच आहे, बिनधुराची. ह्यात निकोटीन असतं, तेलकट द्रव असतो, वासासाठी रसायनं असतात. गरम होऊन ते सगळं फुप्फुसात जातं. ज्याला मुळात दमा आहे त्याच्या श्वासाच्या नळ्या आतून सुजतात, आणि सुजतच राहतात."

साधना त्यांच्याकडे बघत राहिली. "पन मी रोज चार्जिंगला लावत होते," ती म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी ते तोंड फिरवत होते. मी धरून दिलं."

"आजच्या एका वेळेनं एवढं होत नाही. हे बऱ्याच दिवसांचं आहे."

"पन दिलं ना मी."

डॉक्टरबाईंनी तिचा हात धरला आणि काही वेळ तसाच धरून ठेवला. मग त्या आत गेल्या.

साधना त्या बाकावरून उठली नाही. भागवत डबा घेऊन आला, तिने झाकण उघडलं नाही. दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून बसली होती. दुसऱ्या दिवशी नर्सने सांगितलं, आता शुद्धीवर आहेत, एकेक जण आत जा. ती म्हणाली, "मामा, तुमी जा."

"बायको तू आहेस."

"मह्याच्यानं न्हाई होनार. मला बघून त्यांचा श्वास वाढला तर?"

मी गेलो. मास्कच्या आत त्याचं तोंड सुकलेलं होतं. त्याने मास्क थोडा बाजूला केला.

"मामा... तिला... सांगा..."

"काय सांगू?"

"ते... मशीन..."

"डॉक्टरबाईंनी सांगितलं तिला. ती बाहेर बसली आहे. तिला वाटतंय, तिनंच तुला मारत आणलं."

त्याचे डोळे भरले. "तुमी... सांगा..."

"मी सांगणार नाही. तुझं आहे, तुलाच उचलावं लागंल. एका दमात नाही जमलं तर थांबून थांबून सांग."

मी बाहेर येऊन साधनाला दंडाला धरून उठवलं आणि आत नेलं. ती पलंगापासून लांब उभी राहिली. त्याने हात पुढे केला. तिने धरला नाही, पण एक पाऊल जवळ आली.

"तू न्हाई," तो म्हणाला. श्वास घेतला. "मी. खोटं... बोललो." पुन्हा श्वास. "विडीच... व्हती ती. तू तर..." त्याला खोकला आला. ती धावली, त्याला पाठीशी धरून बसतं केलं. खोकला थांबल्यावर त्याने वाक्य पुरं केलं. "तू तर... जपलंस."

"कामून केलं आसं?"

"तू गल्लीत... सगळ्यांला... सांगितल्तं. तुझं तोंड... किती..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. तिला ते समजलं.

"मह्या तोंडासाठी जीव देत होते का तुमी?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "मला सांगायचं. मी म्हनले असते, ओढा विडी, पुन्हा सोडू. दहा डाव सोडू. मह्या हातानं हे करून घेतलं तुमी. मह्या हातानं!" मग तिने त्याचा मास्क नीट बसवला, रबर कानामागे सरळ केलं. "आता बोलू नका. श्वास घ्या."

तो तसा वाचला. पण डॉक्टरबाईंनी नंतर त्याला एका नळीत जोरात फुंकायला लावलं आणि कागदावरची रेघ आम्हाला दाखवली. म्हणाल्या, सूज उतरेल, पण नळ्यांना आतून जी इजा झाली ती सगळी भरून येईल असं मी सांगू शकत नाही. पोती उचलायची नाहीत. रोजचं औषध चुकवायचं नाही. ते यंत्र पुन्हा तोंडाला लावलं तर पुढच्या वेळी इथपर्यंत पोहोचाल याची खात्री नाही.

अंगात जरा बळ आल्यावर तो मोंढ्यात गेला. मी बरोबर होतो, पण बोललो नाही. टोळी जेवायला बसली होती. त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. गोदामामागे काय करत होता, तेही.

एक जण तापला. "आमी इतके दिवस तुझी पोती वाह्यली रे. आन तू मागं जाऊन वाफ काढत होतास?"

"हाव," धम्मपाल म्हणाला.

सगळे भागवतकडे बघायला लागले. त्याने भाकरीचा घास चावून गिळला, पाणी प्यायला.

"म्हंजे मी विडी फुकटच सोडली म्हनायची."

"भाऊ..."

"गप. बस खाली. उभ्यानं दम लागतो तुला." त्याने आपल्या बाजूला जागा केली, अर्धी भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढे सरकवला. मग तापलेल्या माणसाला म्हणाला, "वाह्यली ती वाह्यली. तू खोटं कधी बोलला न्हाईस का? ते मागल्या पोळ्याला सासू मेली म्हनून सुट्टी घेतल्ती, ती बाई परवा बाजारात भेटली मला. भेंड्या घेऊन राह्यली होती."

हसू फुटलं. धम्मपालला हसताना खोकला आला. कोणीतरी पाठ चोळली.

आता तो मोसंबीच्या बाजारात काट्यावर बसतो. तिथे धूळ कमी असते. तो माल तोलतो, उचलणारे दुसरे. उचलणाऱ्यांकडे बघताना त्याचे खांदे आपोआप वाकतात, हे मी पाहिलं आहे. त्या यंत्राची आठवण येते का, हे मी विचारलं. म्हणाला, "रोज येते मामा. जेवल्यावर लई." मला ते उत्तर आवडलं, कारण खोटं नव्हतं. त्या वेळी तो साधनाला सांगतो, आणि दोघं गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन येतात. जमेल तेवढं चालतात, मध्ये थांबतात, पुन्हा चालतात. विडी सोडणं हे फळी चढण्याइतकंच काम आहे. ते रोज करावं लागतं, आणि त्यात कोणी खीर खाऊ घालत नाही.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो तर दोघं दारातच होते. पंप आता लांब नळकांड्याला जोडून घ्यायचा असतो. साधनाने ते धरलं होतं. त्याने ओढलं, तर नळकांड्यातून बारीक आवाज झाला.

"वाजलं. घाई केली तुमी. डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय? सावकाश. पुन्हा."

त्याने पुन्हा ओढलं. या वेळी आवाज आला नाही. तिने एक बोट वर करून त्याला श्वास धरायला लावला, बोट खाली केलं तेव्हा त्याने सोडला. मग गुळण्या करायला पाणी दिलं. नंतर ती त्याच्या मागे गेली, सदरा वर केला आणि कान त्याच्या उघड्या पाठीला लावला. तो न हलता उभा राहिला. येणारेजाणारे बघत होते. तिला त्याचं काही नव्हतं.

"साधना, तू त्याला माफ केलं का नाही अजून?" मी गमतीने विचारलं.

"ते नंतर बघू मामा." तिचे डोळे मिटलेले होते.

"काय ऐकू येतं?"

"बारीक वाजतंय अजून. खाली, डाव्या अंगाला." तिने कान थोडा सरकवला. "पन काल इथं बी वाजत होतं. आज न्हाई."

तो वळून काहीतरी बोलायला गेला. तिने त्याच्या पाठीवर हलकेच चापट मारली.

"हलू नका वो. ऐकू द्या मला."